त्याच दाराशी पुन्हा

यंदा १८ फेब्रुवारीला ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार होता आणि त्याच सुमारास रमजानचा चंद्र दिसला. वसई, माहीम, वांद्रे, कुर्ला अशा ठिकाणी ज्यांचा शेजार मिश्र आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एका घरात सहरीसाठी पहाटे गॅस पेटतो. शेजारच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून परतलेली असते. जिना एक आणि दोन्ही घरांत उपवासाचे दिवस. तरीही शेजारी या चाळीस दिवसांत नेमके काय चालते, हे आपल्यापैकी अनेकांना नीट ठाऊक नसते. नाताळचा केक आपल्या घरी येतो, म्हणून नाताळ माहीत असतो. उपवासकाळात काही वाटले जात नाही, त्यामुळे तो नजरेतून निसटतो. कॅथलिक तरुण-तरुणी या काळात जे करतात, त्यातले बरेचसे मात्र आपल्या मोहल्ल्यातल्या तरुणांनी पाहावे असे आहे.

आधी थोडी ओळख. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ते चाळीस. येशू ख्रिस्ताने अरण्यात उपाशीपोटी काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण. चर्चचा आजचा नियम रोजाच्या मानाने सौम्य आहे. १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसाने राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकदाच पोटभर जेवायचे. १४ वर्षांवरील सर्वांनी या दोन दिवशी आणि या काळातल्या शुक्रवारी मांस टाळायचे. मासे चालतात. आता वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला मटणाऐवजी पापलेट खा म्हणणे, याला त्याग म्हणायचे की मेजवानी, हा प्रश्नच आहे. पण आपण यावर बेतानेच हसावे. रमजानात आपल्या घरचा किराण्याचा खर्च कमी होतो की वाढतो, असे कुणी विचारले तर उत्तर देताना आपणही घुटमळतो.

नियम पूर्वी बरेच कडक होते. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ते शिथिल केले, पण त्याबरोबर भार दुसरीकडे टाकला. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही उपवासकाळाची तीन जुनी अंगे. पोटाचा नियम हलका झाला, तेव्हा परोपकाराच्या अंगाने तो भरून काढावा, अशी त्यामागची अपेक्षा होती. ती अपेक्षा वयस्क लोक चेक लिहून पुरी करू शकतात. खिशात पासाचे आणि रिचार्जचेच पैसे असलेल्या विद्यार्थ्याने काय करायचे? आपल्याकडे याचे उत्तर सोपे आहे. जो साहिबे-निसाब नाही, त्याच्यावर जकात नाही, हिशेब संपला. कॅथलिकांकडे असा निसाब नाही आणि अडीच टक्क्यांसारखा ठरलेला दरही नाही. त्यामुळे ज्याच्याकडे काहीच नाही, त्या तरुणालाही हा प्रश्न चुकत नाही. त्याचे एक उत्तर १९३ वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या काही विद्यार्थ्यांनी शोधले आणि ते आजही चालू आहे.

फ्रेदेरिक ओझानाम हा मुलगा १८१३ मध्ये मिलानमध्ये जन्मला, लिओं शहरात वाढला आणि कायदा शिकायला १८३१ मध्ये पॅरिसला आला. तो काळ गडबडीचा होता. एक क्रांती नुकतीच होऊन गेली होती, कारखान्यांमुळे शहरात गरिबांची गर्दी झाली होती आणि १८३२ च्या कॉलऱ्यात पॅरिसमध्ये हजारो माणसे मेली. विद्यापीठात धर्माची टिंगल करणे ही फॅशन होती. ओझानाम आणि त्याचे मित्र एका चर्चामंडळात धर्माच्या बाजूने हिरिरीने वाद घालत. तिथे एकदा विरोधी बाजूच्या तरुणाने त्यांना गाठले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता की, तुमच्या चर्चने पूर्वी मोठी कामे केली हे मान्य. पण आज, या शहरात, तुम्ही काय करता ते दाखवा.

असा प्रश्न आल्यावर बहुतेक माणसे इतिहासाची पाने उलटतात. आपल्याकडेही कुणी असा प्रश्न विचारला की बगदादची इस्पितळे आणि कुर्तुब्याची ग्रंथालये यांची यादी बाहेर येते. ओझानाम वाद जिंकायच्या मागे लागला नाही. २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, तो आणि पाच विद्यार्थी एका वृत्तपत्राच्या कचेरीत जमले. एमानुएल बायी नावाचे वडीलधारे संपादक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गरिबांच्या घरी जायचे, एवढे ठरले. पण कुणाच्या घरी, आणि जाऊन बोलायचे काय? ते त्यांना रोझाली रांदू या धर्मभगिनीने शिकवले. मुफतार या गरीब वस्तीत त्या वर्षानुवर्षे काम करत होत्या आणि कोणत्या जिन्यावर कोण आजारी आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मुलांना कुटुंबांची नावे दिली आणि भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या. या पहिल्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली जाते. ओझानाम आणि त्याच्या एका मित्राने हिवाळ्यासाठी ठेवलेले आपलेच उरलेसुरले सरपण उचलले आणि एका गरीब घरी पोहोचवले.

हीच पुढे सेंट विन्सेंट द पॉल सोसायटी झाली. आज ती दीडशेहून अधिक देशांत आहे, आणि मुंबई-वसईतल्या चर्चमध्ये जाणाऱ्या कुणालाही तिचे नाव अपरिचित नाही. तिच्या कामाच्या पद्धतीत दोन गोष्टी पहिल्यापासून आहेत. एक, सभासदांनी दोघा-दोघांनी मिळून गरजूच्या घरी जायचे आणि त्याच घरी पुन्हा जायचे. दुसरी, बैठकीत एक पिशवी फिरते. प्रत्येक जण तिच्यात हात घालतो. कुणी किती टाकले हे कुणालाच कळत नाही, आणि काहीच न टाकता रिकामा हात बाहेर काढणाऱ्यालाही खाली पाहावे लागत नाही. पहिल्या गोष्टीमुळे घेणाऱ्याशी ओळख होते आणि दुसरीमुळे देणाऱ्याची मिरवणूक टळते. विशीतल्या पोरांनी हे सुरू केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी ओझानामला धन्यवादित घोषित केले, तेही पॅरिसमध्ये, जगभरचे तरुण मेळाव्यासाठी जमले असताना.

मिरवणुकीचा मुद्दा उपवासकाळात पहिल्याच दिवशी समोर येतो. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचतात, त्यात दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी लोकांना दाखवण्यासाठी करू नका, असे बजावले आहे. या हाताचे त्या हाताला कळू देऊ नये, हे तिथलेच सांगणे. आपल्या हदीसमध्येही अर्शच्या सावलीत जागा मिळणाऱ्या सात जणांत असाच एक गुप्तपणे देणारा आहे. शिकवण जवळजवळ शब्दाला शब्द लागावा इतकी सारखी. गंमत अशी की, उपवास लपवा असे ऐकून झाल्यावर लगेच गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर लावली जाते आणि तीच घेऊन माणसे बाहेर पडतात. यावर खुद्द कॅथलिकांमध्ये चर्चा होते. राख हे मर्त्यपणाचे चिन्ह आहे, पुण्याचे नाही, असे उत्तर दिले जाते आणि ते पटतेही.

राख दुसऱ्या दिवशी धुतली जाते, मोबाइलमधला फोटो मात्र राहतो. आजच्या तरुणांची खरी परीक्षा इथे आहे. उपवासकाळात चर्चमधले तरुणांचे गट वृद्धाश्रमात जातात, अनाथाश्रमात जातात, पालघरच्या आदिवासी पाड्यांवर कपडे आणि धान्य घेऊन जातात, रक्तदान करतात. हे सगळे चांगलेच आहे. पण बस भरून गेलेल्या चाळीस मुलांनी आजी-आजोबांना दोन गाणी ऐकवली, बिस्किटांचे पुडे दिले, एकत्र फोटो काढला आणि संध्याकाळी त्या परतल्या, तर त्या भेटीतून आजीच्या हाती काय उरते? ज्या आश्रमात मार्चमध्ये रोज एक बस येते, तिथे जूनमध्ये कुणी फिरकत नाही. आपल्या रमजान किटचे चित्र यापेक्षा फार वेगळे नाही. तांदूळ, तेल, खजूर यांचे पॅकेट हातात धरून उभ्या केलेल्या विधवेचा चेहरा ग्रुपवर फिरतो, तेव्हा त्या पॅकेटची किंमत तिने तिथेच चुकती केलेली असते. मला वाटते, निदान घेणाऱ्याचा चेहरा फोटोत येऊ नये एवढा एक नियम दोन्हीकडच्या तरुणांनी पाळला तरी पुष्कळ होईल.

उपवासकाळात तरुणांचे रोजचे जगणेही बदलते, आणि त्याची दखल सहसा घेतली जात नाही. या दिवसांत लग्नांचा थाट नसतो. वसईच्या गावांत बँडचे आवाज थांबतात आणि ईस्टरनंतर एकदम सुरू होतात. चर्चमधल्या गायकवृंदाची आनंदगीते बंद होतात, आलेलुया म्हटले जात नाही, वाद्यांचा वापर बेताचा होतो. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने चालत प्रार्थना होते. गुड फ्रायडेच्या सुमारास तरुण मुले ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे प्रसंग नाट्यरूपात उभे करतात, आणि त्याच्या तालमी आठवडेच्या आठवडे चालतात. पार्टी नाही, पिकनिक नाही, कुणी चहा सोडतो, कुणी सिगारेट, कुणी रात्रीचा मोबाइल. एकट्याने सोडणे कठीण असते. दहा मित्रांनी मिळून सोडले की ते जमते. ही सोबत फार मोलाची आहे. तरावीहसाठी एकत्र निघणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय रोज चहाचे वाचलेले दहा-वीस रुपये कुठे जातात, हाही प्रश्न आहेच.

ते स्वतःकडेच राहिले तर त्या उपवासाला काटकसर म्हणावे लागेल. हा विचार काही लोकांनी फार साध्या रीतीने अमलात आणला. १९६० मध्ये इंग्लंडमधल्या कॅथलिक महिलांच्या संघटनांनी उपवासकाळात कौटुंबिक उपवासाचा एक दिवस ठरवला. घराने त्या दिवशी साधे जेवायचे आणि वाचलेले पैसे कॅरिबियनमधल्या डोमिनिका बेटावरच्या माता-बालक दवाखान्याला द्यायचे. त्यातून पुढे काफोड ही मोठी मदतसंस्था उभी राहिली. १९७५ मध्ये आफ्रिकेतल्या साहेल भागातला दुष्काळ पाहून अमेरिकेतल्या अ‍ॅलनटाउन इथे पुठ्ठ्याची छोटी पेटी घरोघर देण्यात आली. जेवणाच्या टेबलावर ती ठेवायची, टाळलेल्या पदार्थाचे पैसे तिच्यात टाकायचे. तिला नाव मिळाले भाताचा वाडगा. आज त्या देशभरच्या चर्चमध्ये ती पोहोचते. जमलेल्या रकमेचा पाव हिस्सा आपल्याच भागातल्या भुकेल्यांसाठी राहतो, बाकीचा परदेशी जातो. आपल्या देशातही कारितास इंडिया ही १९६२ ची संस्था उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्धची मोहीम चालवते आणि चर्चमधून त्यासाठी वर्गणी गोळा होते. पेटीचा गुण असा की ती लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर असते. आपण आज काय खाल्ले नाही, आणि ते कुणाच्या ताटात गेले, हे त्याला दिसते.

पेटीला एक मर्यादाही आहे. पेटी पैसे नेते, माणूस नेत नाही. वसईच्या गावांत आज टुमदार बंगले आहेत. त्यांची मुले आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. महिन्याला पैसे येतात, औषधे येतात. संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलायला कुणी नसते. नालासोपारा, मुंब्रा, मिरा रोडच्या फ्लॅटमध्ये आपल्याकडची म्हातारी माणसे याच अवस्थेत आहेत. ही गरिबी जकातीच्या हिशेबात बसत नाही आणि भाताच्या वाडग्यातही मावत नाही. इथे ओझानामची जुनी पद्धतच चालते: दोघांनी जायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे. या कामाला निधी लागत नाही, शनिवारची संध्याकाळ लागते. आणि आजच्या तरुणाकडे पैशापेक्षा तीच जास्त महाग आहे.

उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर पंधराच दिवसांनी, २८ मार्च २०१३ रोजी, हा विधी करायला रोममधल्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले. ज्या बारा तरुण कैद्यांचे पाय त्यांनी धुतले, त्यात दोन मुली होत्या आणि त्यातली एक सर्बियाची मुस्लिम होती. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली, कारण तोपर्यंत या विधीत पुरुषांनाच बसवायचा नियम होता. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यांनी नियमच बदलला. त्या वर्षी ते रोमजवळच्या एका आश्रयार्थी केंद्रात गेले. तिथे ज्यांच्यापुढे ते गुडघे टेकून बसले, त्यात सिरिया, पाकिस्तान आणि मालीचे तीन मुस्लिम होते, आणि भारतातला एक हिंदूही होता. गेल्या वर्षी ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी फ्रान्सिस यांचे निधन झाले, तेव्हा अनेक मुस्लिम घरांतही हळहळ व्यक्त झाली. ती काही शिष्टाचाराची नव्हती.

मात्र सेवेच्या या कौतुकात एक गोष्ट दबून जाऊ नये. ओझानाम पुढे सॉर्बनमध्ये प्राध्यापक झाला. तोवर दुसऱ्यांच्या जिन्यांवर चढून चढून त्याच्या लक्षात आले होते की, जखमी माणसाची मलमपट्टी करणे हे दानधर्माचे काम असले, तरी वाटेवर त्याला लुटले जाऊ नये हे पाहणे न्यायाचे काम आहे, आणि दोन्ही लागते. १८४८ च्या क्रांतीच्या वर्षी तो मजुरांच्या हक्कांविषयी लिहीत होता, त्यामुळे आपल्याच लोकांत नकोसा होत होता. अवघ्या चाळिसाव्या वर्षी, १८५३ मध्ये, तो गेला. वसईच्या तरुणांना याचे उदाहरण शोधायला फ्रान्सला जावे लागत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जमीन, पाणी आणि झाडे यांसाठी बिल्डर आणि गुंडगिरी यांच्याविरुद्ध लोक उभे केले, तेव्हा त्या मोर्चांत सगळ्या धर्मांची माणसे होती. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, हे सगळे ते होतेच. पण टँकरच्या पाण्याचा प्रश्न हा धर्माचाच प्रश्न आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. २०२४ च्या जुलैत ते गेले. आज तिथला कुणी तरुण वृद्धाश्रमात बिस्किटे वाटत असेल आणि शेजारच्या भरावाखाली बुजलेल्या ओढ्याबद्दल गप्प राहत असेल, तर त्याच्या उपवासकाळाचा अर्धा भाग राहून गेला, असे म्हणायला हरकत नाही. हे मशिदीबाहेर किट वाटणाऱ्यालाही तितकेच लागू आहे.

दोन्ही काळ असे एकत्र येणे नेहमीचे नाही. चांद्रवर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. पुढच्या वर्षीही राखेचा बुधवार आणि पहिला रोजा एक-दोन दिवसांच्या अंतराने येतील. त्यानंतर रमजान जानेवारीत, मग डिसेंबरात जाईल, आणि ही गाठ पुन्हा पडायला तीस-बत्तीस वर्षे लागतील. तेव्हा आजचे विशीतले तरुण पन्नाशी ओलांडून गेलेले असतील. हाताशी दोन वर्षे आहेत, तर एक साधे काम करता येण्यासारखे आहे. ज्या वस्तीत चर्च आणि मशीद दोन्ही आहेत, तिथे दोन्हीकडच्या चार-चार तरुणांनी बसून एक यादी करावी: एकटी राहणारी म्हातारी माणसे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, कमावता माणूस गेलेली घरे. आज होते असे की, एकाच घरी तीन ठिकाणांहून तांदूळ येतात आणि पलीकडच्या गल्लीत कुणीच जात नाही. यादी वहीत राहावी, ग्रुपवर जाऊ नये. नावापुढे धर्म लिहायची गरज नाही. डायलिसिसचा वार, गोळ्यांची नावे आणि दाराची दुसरी चावी कुणाकडे आहे, हे मात्र लिहावे.

ईद यंदा २० किंवा २१ मार्चला येईल. त्यानंतर कॅथलिक तरुणांचे दोन आठवडे बाकी असतील. ते क्रुसाच्या वाटेत आणि नाटकाच्या तालमीत गुंतलेले असताना यादीतल्या घरांची पाळी आपल्या मुलांनी घ्यावी. ५ एप्रिलला ईस्टर आहे. सोमवारी, ६ एप्रिलला, कुणाचाच उपवास नसेल. त्या दिवशी त्या म्हाताऱ्याला बँकेत नेऊन आणायचे आहे, कारण पेन्शनच्या पासबुकावर नोंद करून घ्यायची राहिली आहे.